गुंतागुंत कोणाची, दुरुस्ती कशाची?

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, की ज्यांचा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला ते वजन कमी करण्याच्या ऑपरेशनवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. आमच्या नावामागे 'डॉक्टर' लागतं ते पीएचडीमुळे. आमच्या हातून सफरचंदसुद्धा सरळ कापलं जात नाही. तेव्हा हे ऑपरेशन कोणी करून घ्यावं, कोणत्या पद्धतीचं करावं, यावर आम्ही एक शब्द बोलणार नाही. ते ज्यांचं शास्त्र त्यांनी सांगावं. आम्ही बोलणार आहोत ते एका निबंधाबद्दल आणि दोन शब्दांबद्दल. शब्द आहेत 'गुंतागुंत' आणि 'दुरुस्ती'. सर्जन मंडळी ते रोज वापरतात, आपणही त्यांच्याकडून उचलून वापरतो, आणि ते नेमकं काय झाकतात याचा विचार कोणीच करत नाही.

आधी निबंध. अतुल गावंडे हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. घराणं मूळचं यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळच्या उटी गावचं. स्वतः अतुलराव अमेरिकेत जन्मले, तिथेच वाढले, ऑक्सफर्डला राजकारण, तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र शिकले आणि मग सर्जन झाले. म्हणजे निम्मे आमच्या गोत्रातले! त्यांचं पहिलं पुस्तक 2002 साली आलं, नाव 'कॉम्प्लिकेशन्स'. त्यात 'द मॅन हू कुडन्ट स्टॉप ईटिंग' नावाचा निबंध आहे. खाणं थांबवू न शकलेला माणूस. हा निबंध आधी जुलै 2001 मध्ये 'द न्यूयॉर्कर' साप्ताहिकात छापून आला होता.

निबंधातल्या माणसाचं वजन 428 पौंड, म्हणजे साधारण 194 किलो. सप्टेंबर 1999 मध्ये त्याचं गॅस्ट्रिक बायपासचं ऑपरेशन झालं. गावंडे तेव्हा रेसिडेंट होते आणि त्या ऑपरेशनमध्ये हजर होते. पुढे ते या माणसाच्या संपर्कात राहिले, त्याच्याशी बोलत राहिले, आणि त्यातून हा निबंध तयार झाला.

निबंध उत्तम आहे, यात शंका नको. लठ्ठ माणसाकडे बघताना आपल्या मनात जो छुपा तिरस्कार असतो, 'जरा तोंडाला कुलूप घाल की' असा, तो गावंडे अलगद उघडा पाडतात. भूक लागणं आणि पोट भरल्याचं कळणं या गोष्टी आपल्या निश्चयापेक्षा शरीराच्या किती ताब्यात आहेत, हे ते दाखवतात. आणि एक फार चांगला प्रश्न विचारतात: जठराचा आकार बदलला म्हणून माणूस बदलला, तर आधीचा तो हावरट होता असं म्हणायचं का? इच्छाशक्ती नावाची गोष्ट मग राहते कुठे? आम्ही नीतिशास्त्राच्या वर्गात हा निबंध कितीतरी वर्षं वाचून घेतला. मुलं तासभर भांडायची.

पण काही वर्षांपूर्वी आम्ही तो पुन्हा वाचला तेव्हा एक गोष्ट खटकली. 'कॉम्प्लिकेशन्स' या पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिला चुकण्याबद्दल, दुसरा गूढाबद्दल, तिसरा अनिश्चिततेबद्दल. हा निबंध घातलाय दुसऱ्या भागात, गूढात. का? तर गावंड्यांना कुतूहल आहे ते भुकेचं. ऑपरेशनचे धोके त्यांनी लपवलेत असं अजिबात नाही, ते प्रामाणिक लेखक आहेत. पण धोक्यांचा उल्लेख होतो आणि कथा पुढे जाते, कारण कथेचा नायक भूक आहे. आणि निबंध संपतो तेव्हा ऑपरेशनला दोन वर्षंही झालेली नाहीत. वजन उतरलंय, माणूस पुन्हा कामाला लागलाय. कथा म्हणून शेवट चोख आहे. पण पोटात जे करून ठेवलं त्याची कथा दोन वर्षांत संपते का? आमचं म्हणणं असं, की हा निबंध तिसऱ्या भागातही बसायला हवा होता, आणि थोडासा पहिल्यातही.

आता हे आम्हाला एकदम का सुचलं? खरं सांगायचं तर सुचलं नाही, घरात घडलं. आमच्या मोठ्या बहिणीची मुलगी शाळेत शिक्षिका आहे. चाळिशीत तिचं वजन 118 किलोवर गेलं, मधुमेह जडला, गुडघे बोलायला लागले. तिने बायपास करून घेतला. दोन वर्षांत वजन 74 वर आलं, मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या, जिने चढायला लागली. आम्ही सगळे खूश. आणि तिसऱ्या वर्षी तिच्या पोटात दुखायला लागलं. जेवणानंतर, बहुधा रात्री, बेंबीच्या वर, पाठीत जाणारी कळ. तास-दोन तास लोळायची, मग आपोआप थांबायचं. घराजवळच्या एका रुग्णालयात नेलं, तर ॲसिडिटी म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. पुन्हा दुखलं, सोनोग्राफी केली, नॉर्मल. तिसऱ्यांदा सीटी स्कॅन केला, त्याचाही रिपोर्ट ठीक. आणि आम्ही काय केलं? आम्ही, ज्यांनी तो निबंध इतकी वर्षं शिकवला, आम्ही तिला फोनवर म्हणालो, "अगं, जेवणावर ताबा ठेव. पोट एवढंसं केलंय, त्यात कोंबून कसं चालेल?" ती गप्प बसली. ते गप्प बसणं आम्हाला अजून ऐकू येतं.

तिला नेमकं काय झालं होतं ते कळण्यासाठी हे ऑपरेशन काय असतं ते थोडं समजून घ्यावं लागेल. चित्र डोळ्यांसमोर आणा. जठराच्या वरच्या टोकाला लहान लिंबाएवढी पिशवी वेगळी काढतात. बाकीचं जठर पोटातच राहतं, फक्त त्यात अन्न जात नाही. मग लहान आतडं एका ठिकाणी कापतात, खालचं टोक वर आणून त्या पिशवीला जोडतात, आणि वरचं टोक पुढे खाली आतड्यालाच जोडून देतात. इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार होतो. सेझार रू नावाच्या स्विस सर्जनने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही जोडणी रूढ केली, म्हणून तिला त्याचं नाव. वजनासाठी बायपासची कल्पना अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांनी 1966 पासून राबवली. अल्सरसाठी ज्यांच्या जठराचा भाग काढला जायचा ते लोक नंतर अंगाने भरत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

आता बघा, आपलं आतडं पोटात मोकळं लोंबत नसतं. त्याला पाठीच्या बाजूने एक पडदा धरून असतो, मेसेंटरी म्हणतात. साडीच्या निऱ्यांसारखा. आतडं उचलून वर नेलं की या पडद्यात आणि आजूबाजूला फटी तयार होतात, पूर्वी नव्हत्या तिथे. त्यातल्या एका फटीला पीटरसन या जर्मन सर्जनचं नाव आहे. अशा फटीतून आतड्याचा वेढा पलीकडे सरकला तर त्याला म्हणतात इंटर्नल हर्निया. सरकतो, पीळ बसतो, दुखतं. परत जागेवर येतो, दुखणं थांबतं. म्हणून तपासणीच्या वेळी सगळं ठीक दिसू शकतं. आणि एखाद्या वेळी परत येत नाही. मग रक्तपुरवठा तुटतो, आतडं काळं पडतं, आणि हातात काही तास उरतात.

यातली सगळ्यात विचार करण्यासारखी गोष्ट पुढे आहे. हा हर्निया बहुतेकदा लगेच होत नाही, महिन्यांनी किंवा वर्षांनी होतो. कारण वजन उतरतं तशी त्या पडद्यातली चरबीही झडते, आणि फटी रुंदावतात. दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनात, ज्याचं आपण कौतुक करतो, पोटातले अवयव एकमेकांना कमी चिकटतात. पूर्वीच्या मोठ्या चिरेच्या ऑपरेशननंतर ते चिकटायचे आणि आतडं अडकून स्थिर राहायचं. म्हणजे ऑपरेशन जितकं स्वच्छ आणि वजन जितकं छान उतरलं, तितकी ही फट उघडी. थोडक्यात, ही आपत्ती अपयशातून आलेली नाही, यशाच्याच पोटातून आलेली आहे. हिला 'गुंतागुंत' म्हणायचं का?

इथे आपण शब्दावर येतो. 1992 साली क्लाव्हियाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या वाईट परिणामांचे तीन प्रकार केले. सर्जनांच्या जगात या वर्गीकरणाला मोठा मान आहे, आणि तत्त्वज्ञानाच्या माणसाला ते पाहून आनंद होतो, कारण भेद नीट केलेत. पहिला प्रकार गुंतागुंत: अपेक्षित नसलेलं काही बिघडणं. दुसरा, ऑपरेशनचा उद्देशच साध्य न होणं. आणि तिसरा, जो त्या ऑपरेशनच्या स्वभावातच आहे असा परिणाम. पाय कापल्यावर चालता येत नाही, ही काही गुंतागुंत नव्हे. ते कापण्याचंच फळ आहे.

आता बायपास या तीन कप्प्यांत घालून बघा. टाका सुटून जोडातून गळती झाली, ताप आला, पोटात पू झाला: पहिला कप्पा, वाद नाही. काही वर्षांनी वजन परत वाढलं: दुसरा कप्पा. लोह आणि बी-12 कमी पडतं, कारण अन्नाची वाटच वळवलेली आहे: तिसरा. गोड खाल्लं की घाम, धडधड, चक्कर, ज्याला डम्पिंग म्हणतात: तेही बहुधा तिसरा. पण मग जोडाजवळ होणारा अल्सर? तो सिगारेटमुळे होतो, आपण दुकानातून सहज आणतो त्या दुखण्याच्या गोळ्यांमुळे होतो. तो कोणत्या कप्प्यात? सतत उलट्या होऊन थायमिन संपलं आणि मेंदूवर परिणाम झाला, चालताना तोल जायला लागला, डोळे नीट फिरेनात, तर ते? आणि आमच्या भाचीचा हर्निया? तो अनपेक्षितही आहे आणि ऑपरेशनच्या स्वभावातही आहे. कप्पे चांगले आहेत, पण हे ऑपरेशन त्यांच्या भिंती ओलांडतं. कारण साध्या ऑपरेशनात बिघडलेलं काढतात किंवा नीट करतात. इथे चांगलं चालणारं जठर आणि चांगलं चालणारं आतडं मुद्दाम वेगळ्या तऱ्हेने चालायला लावतात. औषध आणि इजा एकाच टाक्यात शिवलेली आहेत.

दुसरी अडचण काळाची. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष 2009 मध्ये आले. 4776 रुग्ण, आणि ऑपरेशननंतरच्या 30 दिवसांचा हिशेब: मृत्यू 0.3 टक्के, मृत्यूसह सगळ्या गंभीर आपत्ती मिळून 4.3 टक्के. आकडे खरे आहेत आणि दिलासा देणारे आहेत. पण 30 दिवस ही मुदत कोणाची? ती रुग्णालयाच्या वहीची मुदत आहे. आमच्या नैयायिकांनी अभावाचे प्रकार सांगताना दोन मजेदार प्रकार सांगितलेत. घडा होण्याआधी घड्याचा जो अभाव असतो तो प्रागभाव. त्याला सुरुवात नाही, पण शेवट आहे. घडा फुटल्यावर जो अभाव येतो तो प्रध्वंसाभाव. त्याला सुरुवात आहे, शेवट नाही. तो घडा पुन्हा कधीच होणार नाही. नवा झाला तर तो दुसरा घडा. वजनाचं ऑपरेशन हा प्रध्वंसाभाव आहे. त्याला तारीख-वार आहे, शेवट नाही. तिसाव्या दिवशी वही मिटते, पण जे झालं ते चालूच राहतं.

आता कोणी म्हणेल, बुवा, तुम्ही लोकांना घाबरवताय. तर दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. स्वीडनमध्ये 1987 पासून चार हजारांवर लठ्ठ लोकांचा मागोवा घेतला गेला; त्यातल्या अर्ध्याहून थोड्या कमी लोकांची ऑपरेशनं झाली होती. 2007 साली निष्कर्ष आले: वय आणि इतर जोखमी हिशेबात धरल्या तर ऑपरेशन झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण सुमारे 29 टक्क्यांनी कमी. त्याच वर्षी अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या अभ्यासात बायपास झालेल्यांत एकूण मृत्यू 40 टक्क्यांनी आणि मधुमेहाने होणारे मृत्यू 92 टक्क्यांनी कमी आढळले. मात्र त्याच अभ्यासात अपघात, आत्महत्या अशा, आजाराबाहेरच्या मृत्यूंचं प्रमाण 58 टक्क्यांनी जास्त निघालं. हा शेवटचा आकडा जाहिरातीत दिसत नाही. पण पहिले आकडेही आम्ही झाकणार नाही. लठ्ठपणा हा निरुपद्रवी पर्याय नाही. ऑपरेशन न करण्यालाही गुंतागुंत असते, तिची वही कोणी ठेवत नाही इतकंच.

आता दुसरा शब्द, दुरुस्ती. या क्षेत्राच्या इतिहासातच दुरुस्तीचा इतिहास दडलाय. बायपासच्या आधी, 1950 च्या दशकात, अमेरिकेतल्या मिनेसोटात वेगळं ऑपरेशन पुढे आलं: जठराला हात न लावता लहान आतड्याचा बहुतेक भाग वळवून टाकायचा. वजन धडाधड उतरायचं. पण जुलाब, मूतखडे, सांधेदुखी, आणि काहींचं तर यकृत निकामी. 1980 च्या सुमारास ते ऑपरेशन मागे पडलं, आणि अनेकांची आतडी पुन्हा जोडून द्यावी लागली. जोडल्यावर वजन परत यायचं. म्हणजे दुरुस्तीने जीव वाचला आणि दुखणं परत दिलं.

मग जठराभोवती पट्टा बांधण्याची पद्धत आली. अमेरिकेत तिला 2001 च्या जूनमध्ये परवानगी मिळाली, गावंड्यांचा निबंध छापून आला त्याच्या एखादा महिना आधी. काही कापायचं नाही, हवं तेव्हा काढता येतो, असं त्याचं आकर्षण. 2011 मध्ये ब्रुसेल्सच्या सर्जनांनी आपल्याच जुन्या रुग्णांचा बारा वर्षांनंतरचा हिशेब मांडला: जवळजवळ निम्म्यांचे पट्टे काढावे लागले होते, आणि तपासलेल्यांपैकी जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यात पट्टा जठराची भिंत पोखरून आत शिरला होता. आपल्याच कामाचा असा हिशेब छापणाऱ्यांना आमचा नमस्कार. असं धैर्य तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांत कमी आढळतं.

आणि आता सगळीकडे जे चालतं ते स्लीव्ह. जठराचा साधारण तीन चतुर्थांश भाग कापून काढून टाकतात, उरतं ते केळ्याच्या आकाराचं. आतड्याला हात लावत नाहीत, म्हणून फटींचा प्रश्न नाही. पण जळजळ आणि आंबट पाणी वर येण्याचा त्रास पुष्कळांना होतो. फिनलंडमधल्या तुलनेत दहा वर्षांनी अन्ननलिकेला सूज आलेले लोक स्लीव्हनंतर 31 टक्के, बायपासनंतर 7 टक्के. त्रास फार झाला तर स्लीव्हचा बायपास करतात. बायपास तरी गरज पडल्यास पुष्कळसा उलटवता येतो. काढून टाकलेलं जठर कुठून आणणार? प्रध्वंसाभाव!

अशा पुनःशस्त्रक्रियांसाठी पूर्वी 'रिव्हिजन' हा एकच मोघम शब्द होता. 2014 मध्ये अमेरिकेतल्या या सर्जनांच्या संघटनेच्या समितीने त्याचे तीन भाग केले: एका ऑपरेशनचं दुसऱ्यात रूपांतर, झालेल्या बिघाडाची दुरुस्ती, आणि मूळ ऑपरेशन उलटवणं. भेद उपयोगी आहे, कारण तीन वेगळे प्रश्न आहेत. रूपांतरात प्रश्न असतो, 'आधीची निवड चुकली का?' दुरुस्तीत, 'आधीच्या कामाची किंमत आत्ता कोण मोजतंय?' आणि उलटवण्यात, 'आधीचं दुखणं परत घ्यायला तुम्ही तयार आहात का?' रुग्णाला मात्र तिन्ही वेळी एकच वाक्य ऐकवलं जातं: "थोडीशी दुरुस्ती करावी लागेल."

फ्रेंच तत्त्वज्ञ जॉर्ज कांगिलेम यांनी 1943 च्या प्रबंधात एक गोष्ट मांडली, जी इथे फार लागू पडते. बरं होणं म्हणजे पूर्वीच्या अवस्थेत परत जाणं नव्हे. शरीर नवे नियम घालून घेतं आणि त्या नियमांनी जगायला शिकतं. सायकलची दुरुस्ती म्हणजे ती पूर्वीसारखी करणं. बायपासनंतरच्या दुरुस्तीत 'पूर्वीसारखं' असं काही नसतं. दुरुस्ती होते ती नव्या रचनेची. आणि तिलाही स्वतःचे नियम असतात.

याचं उदाहरण हवंय? याच फटींचं घ्या. तुम्ही म्हणाल, फटी ठाऊक आहेत, तर पहिल्याच ऑपरेशनात शिवून टाका. स्वीडनमध्ये 2507 रुग्णांवर हे तपासलं. निम्म्यांच्या फटी शिवल्या, निम्म्यांच्या नाही, कोणाच्या शिवायच्या ते चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवलं. 2016 मध्ये निष्कर्ष आले. आतडं अडकल्यामुळे तीन वर्षांत पुन्हा ऑपरेशन करावं लागलेले: न शिवलेल्यांत 10.2 टक्के, शिवलेल्यांत 5.5 टक्के. म्हणजे शिवणं हिताचं. पण पहिल्या 30 दिवसांतल्या गंभीर गुंतागुंती शिवलेल्यांत जास्त, 4.3 विरुद्ध 2.8 टक्के, कारण टाक्यांमुळे आतड्याचा जोड मुडपला जाण्याची भीती. गंमत लक्षात आली का? जो सर्जन फक्त 30 दिवसांची वही बघतो त्याला न शिवणारा हात चांगला दिसेल. जो तीन वर्षं बघतो त्याला शिवणारा. आकडे तेच, फक्त वही मिटण्याची तारीख वेगळी.

आणि आता व्याकरण. आपली भाषा या बाबतीत फार बोलकी आहे. सर्जन म्हणतो, "मी ऑपरेशन केलं." कर्ता हजर. "ऑपरेशननंतर गुंतागुंत झाली." कर्ता गायब, ती आपोआप झाली, पाऊस पडावा तशी. "पेशंटने पथ्य पाळलं नाही." कर्ता पुन्हा हजर, पण दुसराच! इंग्रजीत तर रुग्णच उपचारात 'फेल' झाला असं सरळ लिहितात. पट्टा भिंत पोखरतो आणि नापास मात्र माणूस होतो. आमची तक्रार सर्जनांच्या हातांबद्दल नाही. हात कुशल आहेत. तक्रार वाक्यांबद्दल आहे. आणि त्यात आम्हीही आलो. "जेवणावर ताबा ठेव" हे आमचं वाक्य त्याच व्याकरणातलं होतं. खाणं थांबवू न शकलेल्या माणसाबद्दलचा तिरस्कार निबंध वाचून गेला नव्हता. वजन उतरलं तरी तो तिची वाट बघत दारात उभा होता.

गोष्ट पुरी करतो. चौथ्या खेपेला तिच्या नवऱ्याने तिला थेट वजनाची ऑपरेशनं करणाऱ्या दुसऱ्या एका सर्जनकडे नेलं. त्यांनी इतिहास ऐकला, जुना सीटी स्वतः पाहिला. रक्तवाहिन्यांना हलकासा पीळ दिसतोय असं त्यांना वाटलं. पण ते म्हणाले, सीटीत दिसलं नसतं तरी आत बघावंच लागलं असतं. बायपास झालेल्या माणसाचं असं दुखणं 'नॉर्मल'वर सोडायचं नसतं. दुर्बीण घातली. पीटरसनच्या फटीतून आतड्याचा मोठा वेढा पलीकडे गेलेला, पण रंग अजून गुलाबी. सोडवला, फट शिवली. तिसऱ्या दिवशी ती घरी आली.

आम्ही भेटायला गेलो. काय बोलावं कळेना. तिनेच विचारलं, "मामा, माझं काही चुकलं का?" आम्ही म्हणालो, "नाही गं. चुकलं ते आमचं." मग आम्ही विचारलं, हे सगळं माहीत असतं तर बायपास केला असता का? तिने क्षणभरही वेळ लावला नाही. म्हणाली, "केला असता. पण पोटात काय बदललंय ते मला कोणीतरी सांगायला हवं होतं. मला वाटलं, दुखतंय म्हणजे मीच काहीतरी करतेय."

मंडळी, आमच्या सगळ्या व्याख्यानाचं सार तिच्या या वाक्यात आहे. संमती म्हणजे काय, यावर आम्ही पुस्तकंच्या पुस्तकं वाचली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कागदावर घेतली जाते ती संमती 30 दिवसांच्या वहीची असते. या ऑपरेशनला लागते ती आयुष्यभराच्या ओळखीची संमती. म्हणजे माणसाला आपल्या नव्या पोटाची ओळख हवी: फटी कुठे आहेत, कोणतं दुखणं रात्रीसुद्धा दाखवायचं, दुखण्याच्या कोणत्या गोळ्या कायमच्या बंद, जीवनसत्त्वं का थांबवायची नाहीत, सतत उलट्या होत असतील तर सलाइन लावण्याआधी डॉक्टरला काय सांगायचं. शेवटची गोष्ट बारीक वाटते, पण थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूची हानी वाढू शकते. खिशात एक चिठ्ठी हवी, कोणतं ऑपरेशन, कधी, कोणती रचना. आणि पहिल्या सर्जनलाही कळायला हवं, की त्याने जे सुरू केलं त्याला शेवट नाही, म्हणून त्याच्या जबाबदारीलाही नाही. पाच वर्षांनी आलेला रुग्ण हा 'जुना पेशंट' नसतो. ते त्याचंच चालू असलेलं काम असतं.

गावंड्यांच्या निबंधावर आमचा आक्षेप एवढाच. त्यांनी विचारलं, खाणं कोणाच्या हातात आहे? प्रश्न मोठा आहे. त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न ठेवायला हवा होता: खाण्याची वाट बदलून दिल्यावर, त्या वाटेवर पुढे कधी तो माणूस अडखळला, तर त्याच्याबरोबर कोण असेल? पहिल्या प्रश्नात गूढ आहे. दुसऱ्यात गूढ काही नाही. तिथे फक्त कोणीतरी फोन उचलायचा असतो, आणि उचलल्यावर आमच्यासारखं बोलायचं नसतं.

इथे थांबतो. आता प्रश्न असतील तर घेऊ, पण कृपा करून कोणी आम्हाला आपले रिपोर्ट दाखवू नका.